जॅझ ताजमध्ये आला, सिनेमात गेला. वाजवणाऱ्यांची नावं कुठे गेली?

शारदा_गिरगाव (धागाकर्ती)

सी. रामचंद्रांचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास एक वाक्य येतं: 'अण्णांनी हिंदी सिनेमात जॅझ आणला.' ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कुठून आणला आणि ट्रम्पेट कुणाच्या हातात होता, हे त्यात येत नाही. आज जरा मागून सुरुवात करते.

1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. क्रिकेट स्मिथ काही नवखा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोपच्या ऑर्केस्ट्रात त्याने 1913 मध्ये तबकड्यांसाठी कॉर्नेट वाजवलं होतं. वेदरफोर्ड शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक होता. तो शांघायमार्गे इकडे आला आणि परत मायदेशी स्थायिक झालाच नाही. 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीने गेला. ज्या अमेरिकेत त्यांचं संगीत लोक डोक्यावर घेत होते, तिथेच पुष्कळ हॉटेलांत त्यांना वाजवायला मागच्या दाराने जावं लागे आणि राहायला खोली मिळत नसे. मुंबईतही गोऱ्यांचे क्लब होतेच, आणि तिथे भारतीय माणसाला प्रवेश नव्हता. ताजमध्ये मात्र होता.

या वाद्यवृंदांत रिकाम्या खुर्च्यांवर बसले ते गोव्याचे वादक. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. हा वाझ म्हणजेच 'चिक चॉकलेट', ज्याला लुई आर्मस्ट्राँग या नामवंत कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादकावरून हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मूळचा मोयऱ्याचा, कराचीत वाढलेला मिकी कोरिया 1939 पासून वीसेक वर्षं ताजचा बँडमास्तर होता. जॅझ कागदावर पूर्ण उतरत नाही. स्वर कुठे रेलायचा, ताल किती मागे ओढायचा, हे शेजारी बसून कानानेच घ्यावं लागतं, आणि ते यांनी मूळ माणसांच्या शेजारी बसून घेतलं.

मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतले पुष्कळ बँड बसले आणि ही मंडळी दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या स्टुडिओंकडे वळली. पुढची पंचवीस वर्षं हिंदी सिनेमाचं संगीत यांच्या कागदांवर उभं राहिलं. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा वाद्यांची मांडणी लिहीत होते. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, किती नावं घ्यावीत! आणि श्रेयनामावलीत? 'सहायक', तेही असलं तर.

याच काळात त्याच पडद्यावर गोव्याचा ख्रिस्ती माणूस कसा दिसत होता ते आठवा. दारूच्या गुत्त्यावरचा मायकेल. कॅबरेतली किटी किंवा सूझी. 'हम बोला, तुम बोला' करणारा पेद्रो. मागे ज्याचं व्हायोलिन त्या प्रसंगाला रडवत होतं, त्याचाच समाज पुढे झिंगून पडलेला दाखवला जात होता. याचा मला राग येतो, आणि तो शिळा झालेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'कोणी कोणाचं संगीत घेतलं' हा भांडणाचा मुद्दा करू नये, संगीत घेतलं जातच राहणार. घेतल्यावर नाव कोणाचं लागलं, पैसा कुठे गेला आणि पडद्यावर कोणाची कशी नक्कल झाली, हे तीन प्रश्न विचारावेत. तुम्हाला काय वाटतं?


केदार_एडिसन

फार चांगला विषय. अमेरिकेत राहतो म्हणून इकडची बाजू टाकतो. जॅझ नावाने विकली गेलेली पहिली तबकडी 1917 ची, आणि ती वाजवली ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड या पूर्ण गोऱ्या वाद्यवृंदाने. न्यू ऑर्लीन्सच्या काळ्या वस्त्यांत घडलेल्या संगीताचा बाजारातला पहिला चेहरा गोरा. 1920 मध्ये मॅमी स्मिथची ब्लूजची तबकडी धडाक्यात खपली तेव्हा कंपन्यांना कळलं की काळ्या लोकांच्याही खिशात पैसे आहेत. मग त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली, तिचं नावच 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशावरून. बिलबोर्ड साप्ताहिकाने 1949 पर्यंत खपाचा तक्ता त्याच नावाने छापला, मग 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं.

पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणवून घेणं, आवाज घोगरा करून गाणं, रुमालाने घाम पुसणं, हे सगळं चिक चॉकलेटने उचललंच ना? मग काळ्यांची शैली घेऊन मोठा झाला म्हणून एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाला बोलायचं आणि याला डोक्यावर घ्यायचं, असं कसं?


फोंडेकर

शारदाताई, धागा वाचून बरं वाटलं. माझे आजोबा व्हायोलिन वाजवत, स्टुडिओत. नाव देत नाही, कारण ते कुठेच छापलेलं नाही.

गोव्यातली गोष्ट पोर्तुगीज काळापासूनची आहे. प्रत्येक इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडून शाळा, त्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर. पोराला अक्षरओळख व्हायच्या आत सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणं, शिकवायचा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गायला आणि वाजवायला माणसं हवीत म्हणून हे सुरू झालं. पण त्यातून अशी पिढी तयार झाली की कागद समोर ठेवला की वाजवणार. मुंबईत आले की धोबीतलावला आपापल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, उतरायचे. पेटी ठेवायला जागा आणि झोपायला चटई. काम शोधायचं तर तिथल्याच हॉटेलांत बसायचं, बोलावणं तिथेच येई.

आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून घरी आहे. आत व्हायोलिनचे सुटे पार्ट, म्हणजे त्या वाद्यापुरते स्वरांचे कागद, शाईने लिहिलेले. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने रीळ नंबर, मध्ये कुठेतरी 'येथे थांबा, हिरो बोलतो' अशा अर्थाची रोमन कोकणीतली खूण. गाण्याचं नाव क्वचित. सिनेमाचं नाव तर नाहीच. वाजवणाऱ्यालाच माहीत नसे की आपण कशासाठी वाजवतोय.

एक सांगतो मात्र. आमच्या लोकांना नुसते बिचारे करू नका. त्या काळी स्टुडिओतला चांगला वादक कारकुनापेक्षा बरा कमवत होता. आजोबांनी त्यावर गावात घर बांधलं. त्यांना पैशांची तक्रार नव्हती. गाणं रेडिओवर लागलं की ते उठून अंगणात जायचे, एवढंच मला माहीत आहे.


मास्तर_७८

माझ्याकडे त्या काळच्या तबकड्या बऱ्याच आहेत. लेबल बघा: वर कंपनी, खाली चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, असलाच तर गीतकार. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर तर गायिकेऐवजी सिनेमातल्या पात्राचं नाव. म्हणजे दस्तुरखुद्द लताबाईंनाही नावासाठी झगडावं लागलं. अरेंजरला, म्हणजे वाद्यांची मांडणी लिहिणाऱ्याला, कोण विचारतो!

पण सी. रामचंद्रांवर अन्याय नको. पुणतांब्याचा हा माणूस स्वतः स्वरलिपी लिहिणारा नव्हता आणि तसा आवही त्याने आणला नाही. 'शहनाई' (1947) मधलं 'आना मेरी जान संडे के संडे' ऐका, किंवा 'अलबेला'तलं 'शोला जो भडके'. बाँगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळं एकमेकांशी बोलतंय, आणि खाली चाल मात्र आपली, गल्लीत म्हणता येईल अशी. ही चाल चिक चॉकलेटची नव्हे, अण्णांची. आणि त्याच 'अलबेला'त 'दीवाना परवाना'ला चिक चॉकलेटचा वाद्यवृंद पडद्यावर दिसतो. त्या काळी असं कोण करत होतं? त्याच वर्षी 'नादान'ला संगीतकार म्हणून चिक चॉकलेटचं स्वतंत्र नाव लागलं, हेही विसरू नका. 'ईना मीना डिका' (आशा, 1957) मधले 'माका नाका' हे शब्द अण्णांच्या वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाने घातले असं सांगतात. म्हणजे कोकणी अख्ख्या देशाने गायली, कळलं नाही तरी.


शारदा_गिरगाव

मास्तर, अण्णांची चाल अण्णांचीच. त्यावर माझा वाद नाही, आणि चालीवर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. पण गाणं म्हणजे फक्त चाल का? 'शोला जो भडके' सुरू होतं तेव्हा गायकाच्या आधीच आपण डोलायला लागतो. ती पहिली ओळ कोणाची? ती चाल नाही, ती मांडणी आहे. सेबॅस्टियन डिसोझांचं घ्या. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मुख्य सुरावटीच्या मागे व्हायोलिनची दुसरी सुरावट वाहत असते. कित्येकांना अंतरा आठवत नाही, पण ती मागची ओळ तोंडपाठ असते. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची, अरेंजरने तिथल्या तिथे कागदावर घ्यायची, रात्री बसून वीस-तीस वादकांचे पार्ट लिहायचे, सकाळी तालीम. नंतर सगळे एकत्र, एकाच दमात रेकॉर्डिंग, आणि एकाचा सूर चुकला तर सगळ्यांचा टेक पुन्हा. या माणसाला 'सहायक' म्हणणं मला पटत नाही.

केदार, राग कशाला? तुमचा प्रश्न नेमका आहे. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचं 'हाउंड डॉग' 1953 मध्ये आलं, गाजलं. 1956 मध्ये एल्विसने गायलं आणि जगभर पोचलं. तिला त्या गाण्याचे पाचशे डॉलर मिळाले, पुढे काही नाही, असं तीच सांगायची. आता यात गाणं लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे दोघे गोरे ज्यू तरुण होते, हेही खरं. म्हणून मी म्हणते, 'काळ्यांचं गोऱ्यांनी चोरलं' या एका वाक्यात ते मावत नाही. पण रेडिओ कोणासाठी उघडला आणि कोणासाठी नाही, टीव्हीवर कोण गेलं आणि कोण नाही, ते वंशावरून ठरलं, यात शंका नाही.

चिक चॉकलेटने आर्मस्ट्राँगची शैली घेतली, ती काळ्या वादकांबरोबर बसून, त्यांच्याकडूनच दाद घेत. त्यांची जागा बळकावून नाही. ताजमधून वेदरफोर्डला हाकलून कोणी त्याला बसवलं नाही. एल्विसच्या वेळी बाजाराने तेच केलं. मला हा फरक मोठा वाटतो.


केदार_एडिसन

फरक आहे, मान्य. तरी 'दाद घेत' म्हणजे परवानगी होत नाही. वेदरफोर्डच्या वारसांना आपल्या सिनेमाने काय दिलं? शून्य. गोव्याच्या वादकांवर झालेला अन्याय सांगताना त्यांच्याही मागे उभे असलेले लोक आपल्या चित्रातून निसटू नयेत.


ढोलकी_फड

थोडं इकडचं बोलू का? सगळे ताजमध्ये जाऊन बसलात.

लावणी आज वाहिन्यांच्या स्पर्धेत, पुरस्कार सोहळ्यात, परदेशातल्या मराठी मंडळांत नाचली जाते. नऊवारी, घुंगरू, टाळ्या. नाचणारी मुलगी कथकच्या क्लासची. नाचू दे, माझी ना नाही. पण ज्या कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी घरांतल्या बायकांनी ही कला टिकवली, त्यांच्या पोरी शाळेत आईचा धंदा लपवत होत्या. विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान घेऊन आल्या आणि शेवटच्या आजारपणात औषधाला पैसे नव्हते. 2002 मध्ये गेल्या. त्यानंतर सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, कुलकर्णी, ब्राह्मण. वतन सोडून तमाशात आले, बहिष्कार सोसला. हा माणूस मोठाच. लावणीच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव गुंफलेलं असतं, म्हणून शंभर वर्षांनी आपल्याला रचना कोणाची ते कळतं. पण ती लोकांपर्यंत नेली पवळाने. महाराच्या घरची, संगमनेरकडची पवळा. तिच्या गळ्याचा, अदेचा पुरावा कुठे आहे? शब्दांना सही मिळाली, अदाकारीला मिळाली नाही. तुमच्या गोव्याच्या अरेंजरचं आणि आमच्या पवळाचं दुखणं एकच आहे.


माधवी_कोथरूड

ढोलकी_फड, +१. पण वंश आणि जात एकच धरू नयेत असं वाटतं. दोन्हींचं वागणं सारखं असलं तरी मूळ वेगळं.


ढोलकी_फड

माधवीताई, मूळ वेगळं असेल. टाळी कोणाला आणि शिवी कोणाला, याचा हिशेब तोच आहे.


वकील_सातारा

कायद्याचं थोडं. यातले निम्मे प्रश्न तिथे अडकलेत.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 'सांगीतिक कृती'ची व्याख्या काय होती? छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे चिन्हांत उतरवलेली सुरावट. म्हणजे कायद्याच्या लेखी संगीत म्हणजे कागद. आता गंमत नव्हे, अन्याय बघा: हिंदी सिनेमात कागद लिहीत कोण होतं? बहुतेक वेळा गोव्याचा अरेंजर. पण हक्क त्याचा नाही, कारण त्याच कायद्यात 'रूपांतर' या शब्दात संगीताची मांडणी धरली आहे आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे जातो. मालक कोण? 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक निर्माता. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला जोडून आपली खंत लिहिली, की गाणाऱ्याच्या गळ्याला या कायद्यात जागाच नाही.

1994 च्या दुरुस्तीने व्याख्या बदलली: स्वरलिपी केली असो वा नसो, रचतो तो संगीतकार. चांगलं झालं, आपल्या परंपरेला ते धरून आहे. कलावंताचे हक्क असा भागही तेव्हाच आला. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येणार नाही असं केलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. पण अरेंजरचं नाव तेव्हाही आलं नाही. लावणीवालीचं तर नाहीच, कारण लोकपरंपरेतल्या कलेचा मालक एक व्यक्ती धरायची की समाज, याचं उत्तर आपल्या कायद्यात नाही.


नाट्यवेडा

पडद्यावरच्या नकलेबद्दल एक भर. तोंड काळं रंगवून काळ्यांची नक्कल करायचा अमेरिकन तमाशा मुंबईला जॅझच्या कितीतरी आधी पोचला होता. 1860 च्या दशकात डेव्ह कार्सन नावाचा नट ग्रँट रोडच्या नाट्यगृहात असे खेळ करी. इथे आल्यावर त्याने त्याच साच्यात बंगाली बाबूची टर उडवायला घेतली. गोरे हसत होते, आपलेही काही हसत होते. कलकत्त्यात अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी उलट साहेबाची नक्कल रंगमंचावर करून परतफेड केली. आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलोय, एवढंच सांगायचं होतं.


मास्तर_७८

'अमर अकबर अँथनी' (1977) बद्दल कोणी बोललं नाही. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूसाठी घातलेलं नाव. आधी आडनाव फर्नांडिस होतं, त्यांनी बदलून घेतलं. हे वंदनच ना?


फोंडेकर

वंदन आहे, प्यारेलालजींचं मन स्वच्छ होतं. त्या गुरूंच्या गावी, गोव्यातल्या माजोर्ड्यात, लोक अभिमानाने सांगतात. पण मास्तर, बघा की पडद्यावर ते नाव कोणाला मिळालं. देशी दारूचा अड्डा चालवणाऱ्याला. खरे अँथनी गोन्साल्विस कोण होते? 1958 मध्ये शंभरावर वादक उभे करून, लता आणि मन्ना डे यांना गायला बोलावून, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवरच्या सिम्फनी सादर करणारा माणूस. राग आणि हार्मनी (एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ) एकत्र कसे नांदतील, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. 1960 च्या दशकात अमेरिकेला गेले, परत आले आणि गावात गुपचूप राहिले, 2012 पर्यंत. गाणं सगळ्या देशाला पाठ, पण हा माणूस खरा आहे हे किती जणांना माहीत होतं?

असं नाव असण्यापेक्षा नसलेलं बरं, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या शाळेत मला तेच गाणं म्हणून चिडवायचे. ख्रिस्ती म्हणजे अड्डा, हे गणित पोरांनी कुठून घेतलं?


मास्तर_७८

हे मला ठाऊक नव्हतं. तरीही मी वंदनच म्हणेन. सिनेमातला अँथनी दिलदार आहे, लोक त्याच्यावर जीव टाकतात.


शारदा_गिरगाव

मास्तर, दिलदार आहे खरा. पण त्या काळच्या सिनेमात दिलदार दारूवाला सोडून दुसरा ख्रिस्ती सहज आठवतो का? शिक्षक, वकील, संगीतकार? एक पात्र वाईट नसतं. तेच ते पुन्हा येत राहिलं की समाजाला ते चिकटतं. आणि फ्रँक फर्नांड यांनी याचं उत्तर स्वतः दिलं: 1963 मध्ये 'आमचें नशीब' आणि 1966 मध्ये 'निर्मोण', दोन्ही कोकणी. दुसऱ्यांच्या सिनेमात आपलं चित्र सुधारेल याची वाट न बघता आपला सिनेमा काढला. गोव्यात ती गाणी अजून गातात.

केदार यांचा वेदरफोर्डच्या वारसांचा मुद्दा माझ्या मनात घर करून बसला आहे. पैशाचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पण आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिताना 'पाश्चात्त्य प्रभाव' असं मोघम लिहितात, त्याऐवजी 'मुंबईत येऊन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांकडून' असं तरी लिहावं. 'पाश्चात्त्य' म्हटलं की डोळ्यांसमोर गोरा साहेब येतो, आणि हा ताल साहेबाचा नव्हता.

फोंडेकर, आजोबांच्या ट्रंकेबद्दल विचारायचं होतं. त्या पार्टांवरचे रीळ नंबर आणि पहिल्या दोन-चार ओळी स्कॅन करून इथे टाकाल का? मास्तरांकडे तबकड्या आहेत, मला नोटेशन वाचता येतं. सूर जुळवून कुठला पार्ट कुठल्या गाण्याचा ते काढता येईल.


फोंडेकर

आईला विचारून टाकतो. कागद फार पिवळे झालेत, घडीवर फाटतात, सावकाश करावं लागेल. आजोबांच्या हस्ताक्षराशिवाय आणखी दोघातिघांचं अक्षर त्यात आहे, ते कोणाचं ते बघायला हवं.


मास्तर_७८

टाका. 1950 ते 60 मधल्या तबकड्या मी वेगळ्या काढून ठेवतो. पार्श्वसंगीत असेल तर तबकडीत सापडणार नाही, त्याला सिनेमाच बघावा लागेल.